आजोबांची फाइल

नव्या ऑफिसात मी पहिल्यांदा मनापासून हसले ते एका आजोबांवर. हे आजोबा कुणी पाहिलेले नव्हते. आमच्या कंपनीने एमआयडीसीतल्या एका केमिकल कारखान्याचं जुनं सॉफ्टवेअर देखभालीला घेतलं होतं आणि त्यातली एक जावास्क्रिप्ट फाइल ज्या कुणी लिहिली होती त्या अज्ञात इसमाला पोरांनी ठेवलेलं हे नाव. फाइलमध्ये इंग्रजी अक्षरांत मराठी सूचना होती : 'इथे हात लावू नये. लावल्यास मला विचारू नये.' पोरांनी तिचं प्रिंटआउट काढून कपाटावर चिकटवलं होतं. डबे ठेवायचे त्या कपाटावर.

जेवताना आमच्या टीम लीडने मला त्या सूचनेची सगळी कथा सांगितली. ही मुलगी कॅम्प दोनमधल्या सिंधी घरातली, वडिलांचं कापडाचं दुकान, माझ्यापेक्षा निदान दहा वर्षांनी लहान. "ताई, आजोबांनी कहर केलाय. एकच फाइल तीन मॉड्यूलमध्ये कॉपी मारून ठेवली आहे. गेट, हजेरी, कॅन्टीन. एक चेंज करायचा तर तीन ठिकाणी करा. भांग पीके लिखा है बुढ्ढे ने." सगळे हसले. मीही हसले. नुसती हसले नाही, वर म्हणाले, "सुनेवर राग काढला असेल म्हाताऱ्याने." त्यावर तर ठसका लागेपर्यंत हसणं झालं. नव्या माणसाला टीमने आपलं म्हटलं ते त्या दिवशी.

दुपारी मला ती फाइल उघडून दाखवली. ती फाइल माझी होती.

मुलगा व्हायच्या आधी मी विठ्ठलवाडीच्या एका छोट्या कंपनीत होते. ती पुढे बंद पडली. रजेवर जायच्या आदल्या आठवड्यात ती फाइल नीट एका जागी ठेवून तिन्ही मॉड्यूलना पुरवायचा प्रयत्न मी केला होता. सगळं जोडून तयार व्हायचा तो बिल्ड काही केल्या होईना, पाय सुजलेले, साहेब डोक्यावर बसलेले. शेवटी चिडून तीन कॉप्या मारल्या आणि घरी गेले. ती सूचनाही त्याच आठवड्यात, त्याच चिडीत लिहिलेली; इतक्या वर्षांनी जेवताना ऐकली तेव्हा ओळखूही आली नव्हती. रजा संपली तेव्हा घरचे म्हणाले, 'एवढ्यात कशाला, पोर लहान आहे.' ते 'एवढ्यात कशाला' पोरगा पहिलीला जाईपर्यंत चाललं.

तेव्हाच, तिथेच, 'अगं, हे माझंच पाप आहे' असं म्हणून टाकलं असतं तर आणखी एकदा हसून विषय मिटला असता. पण माझे तीन महिने प्रोबेशनचे होते. इतकी वर्षं घरी बसलेल्या बाईला पुन्हा जावाच्या कामावर घेतलं हेच पुष्कळ, असं मालक इंटरव्ह्यूमध्ये तोंडावर म्हणाले होते. आता 'भांग पिऊन लिहिणारी' मीच, हे त्यांच्या कानावर गेलं की मी पुन्हा पालेगावच्या फ्लॅटमध्ये टँकरची वाट बघत बसणार. मी गप्प राहिले. आणि गप्प राहिले एवढंच नाही, तर पुढेही प्रत्येक वेळी आजोबांचं नाव निघालं की सगळ्यांच्या आधी हसत राहिले, म्हणजे संशय नको.

मग नशिबाने माझ्याच गळ्यात ते काम घातलं. तिन्ही कॉप्या काढायच्या, फाइलचं वेगळं मॉड्यूल करायचं, त्याचा जार, म्हणजे एक बंद गठ्ठा, बांधायचा आणि तिन्ही मॉड्यूलनी स्वतःची कॉपी न ठेवता तो डिपेंडन्सी म्हणून मागवायचा. आमच्या बिल्डिंगमध्ये पाण्याची टाकी गच्चीवर एकच आहे आणि नळ प्रत्येक घरात, तसं. दुरुस्ती एकदा वर केली की सगळीकडे पोचते. इतक्या वर्षांपूर्वी मला जे जमलं नव्हतं ते आता दोन दिवसांत जमलं, कारण त्या फाइलचा कानाकोपरा मला पाठ होता. लीड खूश. मालकांसमोर म्हणाली, "सर, ताईंना आजोबांची नाडी बरोबर सापडली आहे." मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मालक म्हणाले, गुड.

अडचण एकच होती. हजेरी आणि कॅन्टीनमधल्या कॉप्या सारख्या होत्या, पण गेटच्या कॉपीत थोड्या ओळी जास्त होत्या. ती सूचना त्याच ओळींवर होती. लीडने त्या वाचल्या, टेस्ट चालवल्या आणि म्हणाली, "ह्यांच्याशिवाय सगळं पास होतंय. उडवा ताई. कचरा है."

कचरा नव्हता तो. गेटच्या स्क्रीनवर आत्ता कारखान्यात कोण कोण आहे ते दिसतं. आग लागली, गॅस गळला, तर बाहेर आलेल्यांची मोजणी त्या स्क्रीनवरून होते. तीन कॉप्या मारल्यावर सुरुवातीला रात्री बाराला तारीख बदलली की रात्रपाळीची सगळी माणसं स्क्रीनवरून गायब व्हायची. माणसं आत, स्क्रीन रिकामा. रजेच्या आदल्या दिवशी तिथल्या वॉचमनने फोन करून सांगितलं तेव्हा मी घाईघाईने फक्त गेटच्या कॉपीत त्या ओळी घातल्या होत्या आणि वर ती सूचना. आमच्या टेस्ट सगळ्या दिवसपाळीच्या, त्या पास होणारच.

मला नुसतं म्हणता आलं असतं की रात्रपाळीसाठी असेल बहुतेक. पण 'तुम्हाला कसं कळलं' हा पुढचा प्रश्न मला ऐकूच यायला लागला. म्हणून मी एक चलाखी केली. सर्व्हरचा नियम असा, की मॉड्यूलच्या स्वतःच्या फोल्डरात त्याच जागी त्याच नावाची फाइल सापडली तर तो जारमध्ये डोकावतही नाही. मी गेटची जुनी कॉपी काढलीच नाही. जार मागवलेला दिसत होता आणि चालत होती मात्र माझी जुनीच फाइल. 'झालं' म्हणून सांगितलं आणि मला वाटलं, आपण सगळ्यांचं भलं केलं.

पुढच्या आठवड्यात कारखान्याचे लोक नवीन काम बघायला येणार होते. लीडने सामायिक मॉड्यूलमध्ये त्यांनी मागितलेला बदल केला, नावं मराठीत दिसण्याचा. हजेरीत दिसला, कॅन्टीनमध्ये दिसला, गेटमध्ये दिसेना. ती सकाळपासून त्याच्याशी झटत बसली. ब्राउझर बदलून पाहिला, बिल्ड पुसून पुन्हा केला, जार उघडून पाहिला. मी शेजारच्या खुर्चीवर बसून स्वतःच्या स्क्रीनकडे बघत होते. मालक दोनदा येऊन गेले. दुसऱ्यांदा सगळ्यांसमोर तिला म्हणाले, "काम चालू होतं, तू हात लावलास आणि बिघडलं. लीड कशाला केलंय तुला?"

मालक गेले. ती खुर्ची माझ्याकडे ओढून हळूच म्हणाली, "सॉरी ताई. तुम्ही एवढं छान बांधून दिलं होतं, माझ्याकडूनच वाट लागली. पता नहीं यार, कुठे चुकतंय."

तिचे डोळे भरले होते. माझी मला इतकी किळस आली की प्रोबेशन, पालेगाव, टँकर, काही आठवलं नाही. मी तिला कॉन्फरन्स रूममध्ये नेलं आणि सगळं सांगून टाकलं. गेटमध्ये मुद्दाम ठेवलेली कॉपी, रात्रपाळीची माणसं, वॉचमनचा फोन, विठ्ठलवाडी, आणि आजोबा म्हणजे मी.

मला वाटलं ती भडकेल. तिला हक्क होता. ती आधी एवढंच म्हणाली, "म्हणजे मी त्या लाइनी उडवल्या असत्या तर..." मग कामाचं बोलली : त्या ओळी सामायिक फाइलमध्ये घ्यायच्या, वर कारण स्पष्ट लिहायचं, रात्रपाळीची टेस्ट घालायची, गेटची कॉपी काढायची. मालकांना मी स्वतः सांगितलं. ते म्हणाले, "आधी फिक्स करा." नोकरी राहिली. तिला ते सगळ्यांसमोर बोलले होते. माझं ऐकून घेतलं ते केबिनचं दार लावून.

संध्याकाळी गेटवर नावं मराठीत दिसायला लागली. निघताना ती जिन्यात थांबली.

"ताई, एक बोलू? आम्ही हसत होतो, आम्हाला माहीत नव्हतं. सॉरी. पण सगळ्यात जोरात तुम्हीच हसत होतात ना. ते सुनेचं पण तुम्हीच बोललात."

तिने थोडी वाट पाहिली आणि तिची रिक्षा आली तशी ती गेली.

दुसऱ्या दिवशीपर्यंत आजोबा कोण ते सगळ्या टीमला कळलं होतं आणि कपाटावरचा कागद कुणीतरी काढून टाकला होता. चिकटपट्टीचे चार तुकडे तेवढे राहिलेत. डबे अजून तिथेच ठेवतात, जेवायलाही सगळे एकत्रच बसतो. आजोबांचं नाव आता कुणी काढत नाही, आणि कुणी काही गमतीचं बोललं की हसायच्या आधी सगळे एकदा माझ्याकडे बघून घेतात.