नळीत फुकले त्या दिवशी

आमी मळवलीला एका बंगल्यावर राहतो, माजा नवरा तितं वॉचमन हाय. बंगल्यात गॅस हाय, पन शनवार-रविवारच्या पावन्यांना गॅसवरची भाकर नको आसती. गाडीतनं उतरायच्या आधीच इचारतात, चुलीवरचं मिळेल ना? मंग मागं पत्र्याच्या शेडमदी मी आन माज्या सासूबाई बसतो. त्यांना मी आत्या म्हनते. त्या पिठलं करतात, मी भाकरी थापते. पावनी येतात, धुराचं फोटू काढतात, किती छान वास म्हनतात, आन डोळं चोळत भायेर पळतात. आमी तितंच.

मला दम लागत व्हता. पोरगी पोटात व्हती तवापासनं, आन पोरगी सात म्हैन्यांची झाली तरी. थापता थापता मदीच थांबायचं आन पीठ मळल्यागत करायचं, म्हंजे आत्यांना वाटंल काम चाललंय. पहाटं छातीत मांजर गुरगुरल्यागत व्हायचं. कुनाला सांगितलं न्हाई. कसं सांगू, माजी आई दमानंच गेली. मी आटवीत शिकत व्हते. शाळंतनं आले तर ती दारात बसलेली, खांदं वर-खाली, वर-खाली, बोलता येत न्हवतं, हातानंच म्हनली पानी दे. मी दिलं. ती प्याली न्हाई. म्हनून मला ठाऊक व्हतं, असल्या दमाचं पुडं काय व्हतं ते. मला येवढंच पायजे व्हतं का पोरगी जरा मोटी व्हईस्तोवर कुनाला कळू नये, कळलं का मंग ते खरंच झालं, आसं वाटायचं.

गेल्या हिवाळ्यात विद्यापीठातली मान्सं चार दिवस बंगल्यावर राह्याला आली. एक डॉक्टरीन बाई, एक दाढीवाला इंजिनिअर, आन चष्म्यावाली एक पोरगी, ती धंद्याचं शिकत व्हती. मला आधी समजंना का डॉक्टर, मशीनवाला आन धंद्याचं शिकनारी येका गाडीतनं कशाला आली. तर तिघांचं काम येकच, चूल. दाढीवाल्यानं लोखंडाची नवी चूल बनवलेली, खाली बारका पंखा, धूर कमी करनारी. डॉक्टरीन बाई धुरानं बायकांच्या छातीचं काय झालं ते बगनार. आन ती पोरगी इचारनार का लोकं ही चूल घेतील का न्हाई.

“मावशी, या चुलीवरची भाकरी पाहुण्यांना चालेल का?” तिनं आत्यांना इचारलं.

“भाकर चालंल गं. पन धूर न्हाई तर त्यांनी फोटू कशाचा काढायचा? ह्या दाढीवाल्याचा?”

दाढीवालाच सगळ्यात जास्त हसला. पोरीनं ते पन वहीत लिवलं.

मला ती मान्सं आवडली, पन दुसऱ्या दिवशी डॉक्टरीन बाईंनी व्हरांड्यात मशीन मांडलं आन मी दाराआड सरकले. संगणकाला जोडलेली नळी. नाकाला चिमटा लावायचा, नळी तोंडात धरायची, मोटा श्वास घ्यायचा आन फुकायचं. किती फुकलं त्याची पडद्यावर रेघ उमटनार. आत्यांनी पैल्यांदा फुकलं, आन रेघ अशी वर गेली का बाई म्हनल्या, “आजी, तुमचं तर माझ्यापेक्षा छान आहे!”

“मिश्री थुकायला जोर लागतोय, बाई,” आत्या म्हनल्या.

मंग मला हाक मारली. मी म्हनले पोरगी रडती. आत्यांनी पोरगी घेतली, ती लगीच हसाया लागली, मेली. मी म्हनले दूध वर ठिवलंय. नवरा म्हनला मी उतरवतो. बसले मंग.

मी फुकलं. बाईंनी पडद्याकडं बगितलं. “परत एकदा.” मी परत फुकलं. “अजून एकदा, जोर लावून.” मी लावला. बाईंचा चेहरा उतरला, त्यांनी दाढीवाल्याला बोलावलं, दोगं इंग्रजीत हळू हळू बोलाया लागली, आन मला आईचं खांदं दिसाया लागलं. मी चिमटा काडला, नळी टाकली आन मागच्या शेडमदी पळाले. पळाले म्हंजे काय, दहा पावलात दम लागला, चुलीपाशी बसकन मारली.

आत्या मागं आल्या, पोरगी काकंत. मला वाटलं आता इचारतील कदीपासनं हाय, का लपवलंस. त्यांनी तसलं काय इचारलं न्हाई. म्हनल्या, “अगं येडे, तू फुकनीत फुकल्यागत फुकतीस.”

“मंग कसं फुकायचं?”

“तू तितं बी चूल पेटवल्यागतच फुकतीस. हळू, गाल भरून, राख उडंल, पिठात पडंल म्हनून जपून जपून. बगितलं मी. ती नळी म्हंजे फुकनी न्हाई, पोरी. तितं पीठ न्हाई. उडू दे राख, किती उडायची ती उडू दे.”

खरं व्हतं. बारा वर्षांची व्हते तवापासनं लोखंडी फुकनी तोंडाला लावतीय, आईनंच शिकवलं, जोरात फुकलं का ती डोक्यात टपली मारायची, राख करतीस का सगळ्या भाकरीची! नळी तोंडाला लागली का माजं तोंड आपलं आपन तसंच फुकतं. मी व्हरांड्यात जाऊन बाईंना तसं सांगितलं, त्यांनी जुन्या रेघा काडून बगितल्या. मंग दाढीवाल्याला म्हनल्या, “मागच्या गावातल्या बायकांचं पण असंच आलं होतं ना? आपण मशीनला दोष दिला.”

तो म्हनला, “चुलीवर दोन वर्षं काम करतोय, मॅडम. फुंकणी कशी वापरतात ते मी कुणाला विचारलंच नाही.” आन माज्याकडं वळून, “ताई, दाखवता?” मी त्याला शेडमदी नेऊन फुकनी दाखवली. त्यानं चुलीत फुकलं आन राख सगळी दाढीत. आत्यांनी पदर तोंडाला लावला.

मी परत मशीनपुडं बसले. आत्या समोर उभ्या, पोरगीला वर धरून, “उडव राख! उडव, उडव, आजून, आजून!” मी फुकलं, छाती दुकली, खोकला आला, डोळ्यात पानी. रेघ वर गेली. पन आत्यांच्या येवडी न्हाई, त्याच्या लय खाली. बाईंनी खोटं सांगितलं न्हाई. “आधीपेक्षा बरं आहे. पण कमी आहे. दम लागतो ना तुम्हाला?”

सगळी माज्याकडं बगत व्हती, नवरा पन. मी म्हनले, “व्हय.”

येवडंच म्हनले, आन किती हलकं वाटलं ते मला लिवता येत न्हाई.

बाईंनी पंप काडला, तोंडातनं औषध वडायचा. मी हात मागं घेतला. आमच्यात म्हनतात पंप लागला का सुटत न्हाई, आन दुधातनं पोराला जातो. बाई म्हनल्या, “बाळाला काही होत नाही, दूध पाजत राहा.” पंप ओढल्यावर पाव तास बसायचं, मंग परत फुकायचं. तो पाव तास मी पोरगीला पाजलं, तिच्या टाळूवर हात ठिवून. ती पीत व्हती आन मी मनात म्हनत व्हते, पी, पोटभर पी.

परत फुकलं. रेघ पैल्या रेघंला सोडून वर गेली, लांब वर. डॉक्टरीन बाई हसल्या, पैल्यांदाच. “औषधानं तुमच्या छातीतल्या श्वासाच्या नळ्या उघडतात. म्हणजे हा दमा दिसतोय. तळेगावला छातीच्या डॉक्टरांना दाखवा, मी चिठ्ठी देते. रोज औषध घेतलं आणि धुरापुढं बसणं सोडलं, तर आटोक्यात राहतो.”

“मंग मी मरनार न्हाई?”

“औषध घेतलं तर यानं नाही.”

मी हसाया पायजे व्हतं. माज्या तोंडातनं दुसरंच आलं. “माज्या आईचं पन आसंच व्हतं का? तिला हे दिलं आसतं तर?”

बाईंनी खुर्ची माज्याजवळ वडली. “मी त्यांना तपासलं नाही. मला सांगता येणार नाही,” आसं म्हनल्या, आन माजा हात धरून बसल्या. व्हय म्हनल्या आसत्या तर मला सोसलं नसतं, न्हाई म्हनल्या आसत्या तर पटलं नसतं. आत्या मागनं आल्या आन माजं डोकं आपल्या पोटाशी धरलं. त्यांच्या लुगड्याला धुराचा वास व्हता. मी आईसाटी रडले, आट वर्षांनी, सगळ्यांच्या देखत, खोकत खोकत.

तळेगावच्या डॉक्टरांनी पन दमाच सांगितला. आता ती मान्सं ठिवून गेली त्या नव्या चुलीवर आत्या बसतात, मी आत गॅसवर. भ्या गेलं न्हाई, खोकला आला का आजून काळजात धस्स व्हतं. सकाळी तोंड धुतलं का पंप ओढते. ओढून श्वास आत धरायचा, दहा मोजायचं. पोरगी मांडीवर आसती, माज्या गप्प तोंडाकडं टक लावून बगती, व्हटावर बोटं ठिवती. मनात सात, आट म्हनताना मला रोज आई आटवती. नऊ. दहा. मंग श्वास तिच्या बोटावर हळूच सोडते, आन ती खुदकन हसती.