मंडईला आमची हरकत

आमच्या कॉलनीत मराठीचा मक्ता माझ्याकडे आहे. शाळेतून निवृत्त झाले तरी लग्नपत्रिकेचा मजकूर, शोकसभेचा ठराव, नळाला पाणी न आल्याची तक्रार, सगळं माझ्याच टेबलावर येतं, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडतं. शहराचा नवा विकास आराखडा जाहीर झाला आणि विजापूर रोडला आमच्या फाटकासमोरचा मोकळा प्लॉट त्यात भाजी मंडईसाठी राखून ठेवलेला दिसला, तेव्हा हरकत लिहून घ्यायला कॉलनीचे अध्यक्ष माझ्याकडेच आले.

मी लिहिली. चांगली ठसक्यात लिहिली. ‘सदर आरक्षणामुळे परिसराच्या स्वास्थ्यास बाधा पोहोचून अस्वच्छता व अनिष्ट वर्दळ यांस उत्तेजन मिळेल.’ अध्यक्षांनी ते वाक्य पुन्हा वाचून मान डोलावली. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

त्याच फाटकाशी, रस्त्याच्या कडेला, मंद्रूपहून येणारी मावशी भाजी घेऊन बसते. मी कित्येक वर्षं तिच्याकडून मेथी घेते, घासाघीस करते, सुनेची तब्येत विचारते. अतिक्रमणाची गाडी आली की बिचारीला पाट्या उचलून पळावं लागतं. मंडई होणार हे तिच्याही कानावर गेलं होतं. महापालिकेत हरकतींच्या सुनावणीच्या दिवशी मी रिक्षाला हात केला, तर ती पदर सावरत आली.

‘बाई, तिकडंच चाललाय न्हवं? मीबी येते की. मला तितलं काय कळत न्हाय.’

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी नुसती सरकून बसले. ती माझ्याशेजारी बसली आणि मंडईत ओटा मिळाला तर वर पत्रा असेल का, याबद्दल वाटभर बोलत राहिली. मी बाहेर बघत हं हं करत होते.

सभागृहात अध्यक्ष आधीच येऊन बसले होते. आमच्या कॉलनीचं नाव पुकारलं. माझ्या मागोमाग मावशीही उठली आणि टेबलापलीकडच्या साहेबांना म्हणाली, ‘ह्या मास्तरीण बाई हायत. त्या सांगतील तेच आमचं म्हणणं.’

साहेबांनी माझी हरकत मोठ्यानं वाचली. मावशी प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. वाचून झाल्यावर म्हणाली, ‘व्हय साहेब. तसंच लिवून घ्या आमचंबी.’

साहेबांनी एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. काय प्रकार आहे ते त्यांना कळलं असावं. शांतपणे म्हणाले, ‘बाई, यात काय लिहिलंय ते यांना जरा सोप्या मराठीत सांगा.’

उताऱ्याचा अर्थ स्वतःच्या शब्दांत लिहा, हे मी जन्मभर पोरांना सांगत आले. आता स्वतःवर आलं तर शब्द सापडेना. मागे येऊन उभे राहिलेले अध्यक्ष खाकरले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

‘मावशी,’ मी म्हणाले, ‘इथं मंडई नको, असं लिहिलंय. तुम्ही लोक आलात की घाण होते, असं.’

तिला खरं वाटलं नाही. ती जराशी हसलीसुद्धा.

‘कुणी लिवलंय?’

‘मी.’

तिनं साहेबांपुढच्या त्या कागदावर बोट ठेवलं. मग म्हणाली, ‘मग आमी कुटं बसायचं, त्ये लिवलंय का त्यात?’

टोमणा नव्हता तो. ती खरंच विचारत होती. आणि ते मी लिहिलं नव्हतं, लिहिताना मनातसुद्धा आलं नव्हतं. हरकत मागे घेते म्हणायला मी तोंड उघडलं, तोच अध्यक्षांचं कोपर लागलं आणि मी गप्प बसले. कोपराचं निमित्त झालं. खरं म्हणजे मला कॉलनीत चारचौघांत राहायचं होतं. साहेबांनी मावशीचं म्हणणं वेगळं लिहून घेतलं, आमचं जसंच्या तसं ठेवलं.

बाहेर आल्यावर अध्यक्ष त्यांच्या स्कूटरवरून निघून गेले. आम्हां दोघींची वाट एकच. मी रिक्षा थांबवली. मी मागे बसले आणि ती पुढे, रिक्षावाल्याच्या शेजारी अंग चोरून टेकली.

‘मावशी, मागं या की. जागा आहे.’

‘ऱ्हाऊ द्या बाई,’ ती म्हणाली. ‘पायाला माती हाय माज्या.’

येतानाही होती. तेव्हा ती माझ्याशेजारी बसली होती.