दूध एक दार अलीकडे

मी सर्वांत जास्त देणं लागतो ते माझ्या अक्काचं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो आणि अक्का नुकती शिवणकाम शिकत होती. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत, घराच्या पुढच्या खोलीत बसून तिने नाचणाऱ्या मुलींचे पोशाख शिवले आणि त्या मशीनच्या खडखडाटात मी तमिळ शाळेचे धडे पाठ केले. आमच्या घराण्यात पदवी मिळवणारा मी पहिला. परीक्षेच्या दिवसांत दूध मला पुरावं म्हणून ती बिनदुधाची कापी, म्हणजे कॉफी, प्यायची. "मज अशीच आवडते," म्हणायची. आमच्या घरच्या मराठीत 'मला' नाही, 'मज' म्हणतात. मला नोकरी लागल्यावर ती कापीत किती दूध घालते हे पाहिलं, तेव्हा कळलं की तिला तशी कापी कधीच आवडत नव्हती.

ते दूध अक्का स्वतः आणायची. गल्लीच्या टोकाला एका बाईंचा गोठा आहे. सकाळी दार झाडायचं, पाणी शिंपडायचं, पिठाची रांगोळी, म्हणजे आमचं कोलम, काढायचं आणि मग चंबू घेऊन गोठ्यावर जायचं, हा तिचा नेम. गाईचं दूध डोळ्यांदेखत काढलं जातं, त्यामुळे पाण्याचा संशय नाही. पण खरी ओढ गप्पांची. अर्धी गल्ली तिथे जमते. कोणाचं लग्न ठरलं, कोणाच्या विहिरीचं पाणी खाली गेलं, सगळं दुधाबरोबर घरी येतं.

गेल्या वर्षी अक्काच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. इतकी वर्षं मशीनचं पायडल मारून तो झिजला होता. मी रजा काढून चेन्नईहून आलो. डॉक्टरांनी बजावलं, रोज थोडं थोडं चालायलाच हवं, नाहीतर पाय आखडेल. माझ्या मनात वेगळंच होतं. आमच्या फ्लॅटमधली एक खोली तिच्यासाठी तयार होती. इमारतीला लिफ्ट होती. बायकोने आणि मी पडदेसुद्धा लावले होते.

"चेन्नईत मज कोण ओळखतं?" अक्का म्हणाली.

"मी ओळखतो की."

"तू ऑफिसला जातोस. उरलेला दिवस पडद्यांशी बोलू?"

शेवटी तिनेच अट घातली. "माझं दूध मज आणवेनासं झालं की घेऊन जा. एक शब्द बोलणार नाही."

"आजच आणवत नाहीये, अक्का."

"आज पाय कापलाय रे! पोंगलपर्यंत थांब."

मी कबूल झालो. मनातून वाटत होतं, पोंगलला, म्हणजे संक्रांतीला, ती माझ्याबरोबर गाडीत असेल.

मधल्या दिवसांसाठी मी फोनवरून पाकिटातलं दूध लावून दिलं. पहाटे कोणीतरी येऊन कडीला पिशवी अडकवून जाई. मला फार समाधान वाटलं. पण आमच्या गल्लीत मी वाढलो असूनही एक गोष्ट विसरलो. उंबरा झाडून कोलम काढल्याशिवाय दूध घरात घ्यायचं नाही. दूध म्हणजे लक्ष्मी, ती पारोशा दारातून कशी येणार? अक्काला खाली बसता येत नव्हतं. शेजारची सून आपलं दार आटपून, मुलांचे डबे भरून, मग अक्काच्या दाराशी कोलम काढायला यायची. तोवर पिशवीवर ऊन आलेलं असायचं. दूध तापवलं की नासायचं.

"एक दिवस कोलमशिवाय घे की," मी फोनवर म्हणालो.

"तू घे, तुझ्या दारी."

आठवडाभर नासलेल्या दुधाचं काहीबाही गोड करून अक्काने गल्लीत वाटलं. मग पाकीट बंद केलं आणि गोठेवाल्या बाईंना निरोप धाडला. त्या सगळ्या धारा काढून झाल्यावर, जरा उशिराच, किटली घेऊन दारी येऊ लागल्या. तोवर कोलमही झालेलं असायचं. सगळं जमलं. फारच जमलं. अक्का दाराशी खुर्चीत बसायची, दूध हातात यायचं, ती आत जायची. दिवाळीला मी आलो तेव्हा ती स्वयंपाकघर ते पुढचं दार एवढीच चालत होती, तीही भिंतीला धरून.

मी म्हणालो, "खोली तयारच आहे."

अक्का भिंतीला धरत स्वयंपाकघरात गेली. एरवी ती मला तिथल्या तिथे गप्प करते. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, ते वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आत दाढी करत होतो. बाहेर गोठेवाल्या बाई आल्या होत्या. अक्का त्यांच्याशी तमिळमध्ये बोलत होती.

"उद्यापासून माझ्या दारी येऊ नकोस."

"का हो अक्का? दूध पातळ लागलं?"

"दूध चांगलं आहे. तू शेजारच्या दाराशी थांब. मी येते घ्यायला."

"आणि नाही आलात तर?"

"तर थांबून राहा. तुझ्या गाई काही पळून जात नाहीत."

पलीकडच्या ओट्यावर पेपर वाचणारे शेजारचे मामा लगेच म्हणाले, "माझ्या दाराशी थांबणार असाल तर आधी माझी कापी झाली पाहिजे. दूध मलाही लागतं."

"तुम्हाला पेपर पुरतो," बाई म्हणाल्या, आणि तिघंही हसली.

दुसऱ्या सकाळी अक्का मामांच्या दारापर्यंत गेली. मी चेन्नईला परतलो. त्यानंतर दर थोड्या दिवसांनी, पाय साथ देईल तसं, बाई एकेक दार अलीकडे, म्हणजे गोठ्याच्या बाजूला, थांबू लागल्या. ही बातमी मला मामा देत. "आज जाईच्या वेलापर्यंत." "आज कुत्रं असलेल्या घरापर्यंत, कुत्र्यापेक्षा अक्काच जास्त ओरडली." लोकांनी आपापल्या दाराशी खुर्ची ठेवायला सुरुवात केली. मध्ये आमच्याकडचा हिवाळी पाऊस लागला, गुडघा सुजला आणि दूध दोन दारं मागे, अक्काच्या घराकडे, आलं. त्या दिवसांत अक्का माझे फोन उचलत नव्हती. मी मामांना विचारलं, "काय म्हणते?" ते म्हणाले, "गोठेवालीला शिव्या देते. म्हणजे ठीक आहे."

पोंगलच्या सकाळी मी बायको-मुलीसह घरी होतो. त्या दिवशी नव्या भांड्यात दूध उतू जाऊ द्यायचं असतं, आणि ते आणायला अक्का चंबू घेऊन निघाली. मी मागून चालू लागलो.

"मागे मागे काय येतोस? मी चोर आहे?"

मी चार पावलं आणखी मागे राहिलो. ती दोनदा थांबली. एकदा मामांच्या खुर्चीत बसली, एकदा नुसतीच खांबाला धरून उभी राहिली. मग गोठ्यात शिरली. बाईंनी वर पाहिलं, गाईच्या कासेवरचा हात न काढता म्हणाल्या, "उशीर केलात. आज सगळी गल्ली घेऊन गेली. थांबा आता ही होईपर्यंत." अक्का दगडावर बसली आणि कोणाच्या तरी सुनेची चौकशी करू लागली. मी बाहेर उभा होतो. मला कोणी आत बोलावलं नाही.

घरपोच दूध वाईट, असं मी म्हणणार नाही. आमची मुलगी तान्ही होती आणि रस्त्यात कंबरभर पाणी होतं, तेव्हा दारात पाकीट टाकून गेलेल्या अनोळखी माणसाला आम्ही मनातल्या मनात हात जोडले होते. आजारी माणूस, दोघंही नोकरी करणारं घर, यांना त्याचा केवढा आधार. पण दूध दारी आलं की माणसाचं दाराबाहेर जाण्याचं एक कारण कमी होतं. ज्याच्याकडे कारणं भरपूर आहेत त्याला ते कळत नाही.

चेन्नईला परतल्यावर मी अक्काला पत्र लिहिलं. तिला देवनागरी वाचता येत नाही, मीही देवनागरी नोकरी लागल्यावरच शिकलो. म्हणून पत्र आमच्या मराठीत, पण तमिळ अक्षरांत लिहिलं. इथे देवनागरीत उतरवतो.

"अक्का, आम्ही सुखरूप पोचलो. वाटेत भाताचा डबा उघडला, तुझी चिंचेची पुळियोदरै पुरली. मुलीने तू घातलेली मिरचीही खाल्ली आणि रडली.

चेन्नईचा विषय मी आता काढणार नाही. तू हो म्हणाली होतीस, मीच पाहिलं नाही की ते हो म्हणजे किती नाही होतं. खोलीतले पडदे काढले आहेत, तिथे मुलीचं टेबल ठेवलं. तू आलीस तर ती टेबल हलवेल, पण आठ दिवसांच्या वर राहू नकोस, गोठ्यावर तुझी जागा कोणी घेईल.

मामांशी बोललो आहे. ते ओळखीच्या सुताराला घेऊन येतील. परसातल्या तीन पायऱ्यांना कठडा बसवायचा आहे आणि न्हाणीघरात भिंतीला दांडी. नको म्हणू नकोस. सुताराशी घासाघीसही करू नकोस, ती मी केली आहे. पिठाचा डबा खालच्या फळीवरून वर घ्यायला सांगितलं आहे. कोलमसाठी उंच पाट करता येतो का, तेही तो बघेल. बसून काढता येईल असा.

एक तूच सांगायचं आहेस. पायऱ्या उतरताना तू कोणत्या हाताने धरतेस, ते मला आठवत नाही. इतकी वर्षं तुझ्या मागून उतरलो, तरी लक्ष दिलं नाही. कठडा कोणत्या बाजूला हवा ते मामांना सांग, सुतार शुक्रवारी येईल."