भालेराव साहेब आणि रजेवरचा मेजर

कार्यालयात नव्या सॉफ्टवेअरचं खोकं आलं, की भालेराव साहेब सीडी बाजूला ठेवायचे आणि परवान्याचा बारीक अक्षरातला कागद आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवायचे. माझ्या पहिल्याच दिवशी त्यांनी असा एक कागद संपवला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "ह्यात लिवलंय, ज्या कामात माणसाच्या जिवाला धोका असंल तिथं हे वापरू नये. आता राव, आपण काम करतो लष्कराचं. आपल्याकडं दुसरं काम हाय कुठलं?"

त्यांचं गाव निरगुडसर, माझं जवळचंच कळंब. हे कळताच त्यांनी माझं नाव टाकूनच दिलं. मी कायमची 'कळंबकर' झाले. ते दिवस नव्वदच्या दशकाच्या अखेरचे. लष्करासाठी एक यंत्रणा उभी करायचं काम पुण्यातल्या आमच्या सरकारी कार्यालयाकडे होतं. आपल्या तुकड्या कुठे आहेत हे ब्रिगेडियरला एका पडद्यावर दिसावं आणि तिथूनच त्यांना हुकूम जावेत. सगळं स्वतः लिहायचं तर वर्षं गेली असती, म्हणून नकाशाचं आणि ईमेलचं सॉफ्टवेअर बाजारातून तयार आणून जोडायचं ठरलं.

आम्हा तरुण मंडळींना ते तयार सॉफ्टवेअर उघडून आपल्या सोयीनं बदलायची खुमखुमी. कंपनी आतलं काही दाखवायला तयार नव्हती, आणि साहेबांनाही ते नकोच होतं. "विकतचं सॉफ्टवेअर म्हंजे जावई," ते म्हणायचे. "त्याचा स्वभाव बदलाया जाऊ नका. त्याला बसवायचं कुठं आन बोलू द्यायचं किती, तेवढंच आपल्या हातात."

पहिली मोठी चाचणी घोडेगावच्या पश्चिमेला डोंगरात ठरली, कारण संदेश रेडिओवरून जायचे आणि तिथे त्याची खरी परीक्षा होते. एका तंबूत ब्रिगेडियर आणि आम्ही, तर टेकडीपलीकडच्या तंबूत एक मेजर. दिल्लीहून बघायला माणसं आलेली. काम पसंत पडलं नाही तर ते बंद होणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

ब्रिगेडियरनी हुकूम धाडला: पूल ताब्यात घ्या. लगेच उत्तर आलं. मोठ्या पडद्यावर इंग्रजीत अक्षरं उमटली: 'बहिणीच्या लग्नासाठी मी सोमवारपर्यंत रजेवर आहे.'

मेजरचा संगणक त्याच्या कार्यालयातून जसाच्या तसा उचलून आणला होता. महिन्यापूर्वी रजेवर जाताना त्यानं हे आपोआप जाणारं उत्तर लावलं होतं आणि परतल्यावर काढायचं विसरला होता. आमची यंत्रणा आलेल्या प्रत्येक संदेशाची पोच पाठवायची. तिनं या उत्तराचीही पोच पाठवली. पोच मिळताच मेजरचा संगणक पुन्हा म्हणाला, मी रजेवर आहे. पुन्हा पोच, पुन्हा रजा. बघता बघता पडदा भरला आणि खरे हुकूम त्या गर्दीत अडकून पडले.

"ये मेजर कितनी बार छुट्टी पे जाएगा?" ब्रिगेडियरनी विचारलं.

तेवढ्यात मेजर स्वतः टेकडी उतरून धापा टाकत आला. "सर, मैं यहीं हूँ."

दिल्लीची माणसं कागद आवरायला लागली. साहेब मात्र पुढे झाले. "साब, गलती मेरी," त्यांनी आपल्या निरगुडसरी हिंदीत सांगितलं. "पावणा बुलाया, मगर उसको कब चुप बैठना वो बताया नहीं. कल तक का टाइम दो."

ब्रिगेडियरनी उद्या सकाळपर्यंतची मुदत दिली.

"कळंबकर, मेलला हात लावू नका," साहेब मला म्हणाले. "मधी आपला पहारेकरी उभा करा." उरलेली दुपार आम्ही एक छोटा प्रोग्राम लिहिण्यात घालवली. हुकुमाचा क्रमांक असलेला संदेश आणि त्याची पोच, एवढंच त्यातून पुढे जाणार. बाकी सगळं दारातच अडणार. साहेब मुद्दाम वाकडेतिकडे संदेश पाठवून त्याला फसवायला बघत होते. तो फसला नाही, की स्वतःच खूश होऊन म्हणायचे, "लई खडूस हाय. असाच पायजे."

दुसऱ्या दिवशी सगळे हुकूम सुरळीत गेले. ब्रिगेडियर इतके खूश झाले, की त्यांनी स्वतःच्या हातानं आम्हा सगळ्यांना 'शाबास' असा संदेश टाइप केला. पडद्यावर लाल अक्षरं आली: अनोळखी मजकूर, नाकारला.

मी डोळे मिटले. साहेब शांतपणे म्हणाले, "साब, शाबासकी नियम में बैठती नहीं. तोंडी दे दो."

आधी दिल्लीची माणसं हसली, मग ब्रिगेडियर. काम चालू राहिलं. पुढे बाजारातल्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली, की आमचं सगळं पुन्हा तपासावं लागायचं. साहेब कुरकुरायचे, पण निवृत्तीच्या दिवसापर्यंत प्रत्येक परवाना त्यांनीच वाचला.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी ते गेले. मी निरगुडसरला गेले तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. त्यांच्या फोटोशेजारी बाबासाहेबांची तसबीर, समोर मेणबत्ती. साहेब कामाचं घरी कधी बोलायचे नाहीत. साहेबांच्या पत्नीनं, काकूंनी, मला जवळ बसवून घेतलं आणि हळूच विचारलं, "ताई, हे तिथं नेमकं करत तरी काय व्हते वो?"

मी म्हणाले, "बाहेरून आणलेल्या वस्तूला घरची शिस्त लावायचे."

काकूंनी फोटोकडे बघितलं. "मलाबी बाहेरनंच आणली व्हती," त्या म्हणाल्या. "तिथं मातर न्हाई जमलं त्यास्नी." आणि पदर तोंडाला लावून त्या हसायला लागल्या.