शेवेची खोली

कृष्णातमास्तरांनी चौतीस वर्षं बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवलं आणि चौतीस वर्षांत एकदाही स्वतःच्या मनाचं वाजवलं नाही. यात रडगाणं काही नाही, धंदाच तसा आहे. नवरदेवाचा भाऊ म्हणेल ते वाजवायचं, भावाचा मित्र म्हणेल ते वाजवायचं, आणि मित्र तर्र असला तर तेच गाणं सात वेळा वाजवायचं. गगनबावड्याच्या एका वरातीत पावसानं ढोलाचं कातडं लोंबायला लागलं होतं, तरी नवऱ्याचे मामा छत्रीखालून थांबू नका, थांबू नका म्हणत होते. मास्तर थांबले नाहीत. पँटच्या खिशात पाणी साठलं होतं, पण सूर सुटला नाही.

अशा माणसाचं आवडतं संगीत कुठलं असेल? लोक अंदाज बांधतात, लावणी म्हणतात, जुनी सिनेमाची गाणी म्हणतात. सगळे चुकतात. मास्तरांचं आवडतं संगीत एका भुताखेतांच्या व्हिडिओ गेममधलं आहे. त्या गेमचं इंग्रजी नाव त्यांच्या जिभेवर कधी बसलंच नाही. ते तिला मुडद्यांची गेम म्हणतात.

गेम जुनी. पहिला भाग निघाला तेव्हा मास्तरांची पोरगी संघप्रिया रांगत होती, आणि अलीकडचा भाग आला तेव्हा ती एका लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासत होती. मधल्या काळात डिप्लोमाला असताना तिला मास्तरांनी एक जुना कॉम्प्युटर घेऊन दिला. अभ्यासासाठीच दिला होता, पण त्यावर मुडदे चालायला लागले. मास्तर दुपारची ऑर्डर उरकून यायचे, कॉटवर पाय वर करून पडायचे, आणि समोर पोरगी अंधाऱ्या बोळातून पळत असायची. मागून कुजलेली माणसं, कुत्री, आणखी कायकाय. त्या पळापळीच्या संगीताचं मास्तरांना काही कौतुक नव्हतं. ते म्हणायचे, ह्याच्या दुप्पट गोंगाट आमच्या वरातीला असतो, आणि तिथं नवरदेव हसत असतो.

पण मग संघप्रिया एका खोलीत शिरायची आणि सगळं शांत व्हायचं. टेबलावर एक दिवा, कोपऱ्यात एक पेटी, आणि हळू वाजणारे चारच सूर. तीन उतरते, आणि चौथा परत वर चढायला निघालेला, पण पोचायच्या आत थांबलेला. मास्तर कॉटवर उठून बसले.

"हितं काय हाय?"

"हितं मुडदं येत न्हाईत, पप्पा. थांबा, सेव्ह करतो."

कोल्हापूरची पोरगी, ती करते न म्हणता करतोच म्हणणार. घोळ वेगळाच झाला. मास्तरांना ऐकू आलं शेव. ढोलाशेजारी उभं राहून माणसाचे कान निम्मे जातात. पोरीला भूक लागली असेल म्हणून दुसऱ्या दिवशी येताना त्यांनी पावशेर तिखट शेव आणली आणि कॉम्प्युटरपुढं ठेवली. संघप्रिया हसून हसून खाली बसली. मग तिनं समजावून सांगितलं. त्या खोलीत गेलं की तिथवरचा खेळ जपून ठेवता येतो. पुढं जाऊन मेलं तरी पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, इथून सुरू होतं. मास्तरांनी बराच वेळ विचार केला आणि विचारलं की मुडदे आत का येत नाहीत, दार तर उघडंच दिसतंय. तिनं सांगितलं की नियमच तसा आहे.

"असला नियम करणारा माणूस शहाणा हाय," मास्तर म्हणाले, आणि शेव खायला लागले.

तेव्हापासून त्या घरात ती शेवेची खोली झाली. मास्तरांची बायको आक्काताई मलकापूरची, जिभेला धार असलेली. ती भांडायला उठली की बाप-लेक एकमेकांकडे बघून म्हणायचे, चल शेवेच्या खोलीत. पुढं आक्काताईच म्हणायला लागली.

प्रत्येक भागातल्या त्या खोलीचा सूर वेगळा, आणि मास्तरांना सगळे पाठ. पहिल्या भागातला साधा, नवीन शिकणाऱ्यानं पेटीवर बोट फिरवल्यासारखा. दुसऱ्यातला जरा लाडात आलेला. तिसऱ्यातला खरा, ते चार सूर तिथलेच. पाचव्या भागात गेम करणाऱ्यांनी ती खोलीच काढून टाकली, तेव्हा मास्तर दोन दिवस भडकलेले होते. खोलीच काढली तर माणसानं टेकायचं कुठं, असं ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारत होते, आणि शेजाऱ्यांना वाटलं मास्तर घर बदलणार आहेत.

त्यांनी ते चार सूर आणि त्यापुढचं सगळं कानानं उचलून क्लॅरोनेटवर बसवलं. एका रविवारी सकाळी गच्चीवर जाऊन पूर्ण दमानं वाजवलं आणि फसले. आमच्याकडे बँडचं वाद्य धीम्या चालीत वाजलं की त्याचा एकच अर्थ होतो. राजारामपुरीच्या मागच्या अंगाची ती गल्ली, समोर धोंडुबाई राहते. ऐंशीच्या घरातली बाई, गल्लीतल्या प्रत्येक मयताला पहिली. ती दारात आली आणि वर बघून ओरडली, "कोण गेलं गा?" पाच मिनिटांत खांद्यावर टॉवेल टाकून दहा-बारा माणसं जमली. एक जण बांबू सांगायला निघालाही होता.

बँडचा मालक सयाजी त्या दिवशी मास्तरांवर फार चिडला. बँड त्याच्या वडलांचा, ऑफिस गल्लीच्या तोंडाशी, पत्र्याचं. सयाजी आणि मास्तर एकाच शाळेत नापास झालेले, तरी मालक तो मालक. त्यानं बजावलं की ही सुतकी चाल गल्लीत पुन्हा ऐकू आली तर लग्नाचं गिऱ्हाईक पायरी चढणार नाही. मास्तरांनी मान डोलावली. मग बारा वर्षं ते खिडक्या लावून, क्लॅरोनेटच्या खालच्या कर्ण्यात फडकं कोंबून वाजवत राहिले. वाघाला मांजरासारखं म्याव करायला लावावं तसं ते वाजायचं.

या मार्चमध्ये मास्तरांचे दात हलायला लागले. वरचे पुढचे चार. क्लॅरोनेटवाल्याचे पुढचे दात म्हणजे सुताराचा अंगठा. वरचे दात वाद्याच्या तोंडावर टेकतात, खालचा ओठ वेताच्या पत्तीला धरतो, तेव्हा कुठं सूर निघतो. राजारामपुरीतल्या डॉक्टर संयोगिताबाईंनी आरशात दाखवलं, हिरड्या गेल्यात, चारही काढावे लागतील, नंतर कवळी. गुरुवार, सकाळी अकरा. मास्तरांनी विचारलं की कवळीवर क्लॅरोनेट वाजतं का. बाई खऱ्या होत्या. म्हणाल्या, मला माहीत नाही, वाजवणारा पेशंट तुम्ही पहिलेच.

मास्तर घरी आले आणि कधी नव्हे ते घाबरले. पैशाचं नाही, पोरगी कमावती होती. भीती ही, की ज्या तोंडानं हजार लोकांची गाणी वाजवली त्या तोंडानं आपलं एकसुद्धा मोकळ्या हवेत वाजवलं नाही, आणि आता तोंडच चाललं. दोन दिवस राहिले होते. भीतीच्या मागोमाग राग आला, आणि राग आल्यावर त्यांना बरं वाटलं.

ते सयाजीकडे गेले. बुधवारी एक परण्या होता. परण्या म्हणजे लग्नाआधी नवरदेवाला वाजतगाजत मारुतीला नेतात तो. मास्तरांचं मागणं एवढंच, की परण्यात लग्नघरच्या फर्माइशी वाजवतो, नवरदेव घरी पोचवतो, मग येताना आपल्या गल्लीच्या तोंडाशी उभं राहून बँडनं एकदा माझी चाल वाजवायची. कुणाच्या लग्नात विघ्न नाही, कुणाला अपशकुन नाही.

सयाजी नाही म्हणाला. तो काही दुष्ट माणूस नव्हे. त्यानं मास्तरांना चहा पाजला, दातांसाठी हळहळला, आणि नाहीच म्हणाला. लोक बँडला सुतक्या म्हणतील, पुढचा सगळा सीझन आडवा होईल. आणि शेवटी तो बोलून गेला, "त्यात भुताची गेम. माझा कोट अंगावर असताना असलं वाजवायचं न्हाय, मास्तर."

मास्तर उठले. बुधवारचा परण्या त्यांनी असा वाजवला की नवरदेवाचा बाप नाचला. चौथ्या गाण्याला एक दात हलल्याचं त्यांना जाणवलं, तरी सात फर्माइशी पुऱ्या केल्या. मग ऑफिसात येऊन लाल कोट काढला, सोनेरी बटणं लावून नीट घडी घातली आणि सयाजीच्या टेबलावर ठेवली.

गुरुवारी सकाळी नऊ वाजता मास्तर पांढराशुभ्र सदरा घालून खाली उतरले. बुद्धपौर्णिमेला घालायचा सदरा. आक्काताईनं विचारलं की दवाखाना अकराला ना. ते म्हणाले, जरा काम आहे. संघप्रियानं त्यांच्या हातातलं क्लॅरोनेट बघितलं, फडकं काढलेलं बघितलं, आणि लॅबला फोन करून उशिरा येतो म्हणून सांगितलं.

गल्लीच्या तोंडाशी, बरोबर बँडच्या पाटीखाली मास्तर उभे राहिले. शाळेच्या रिक्षा, क्लासला निघालेली पोरं, दुधाच्या गाड्या, सगळी वर्दळ. त्यांनी पत्ती ओली केली, दात टेकवले आणि पूर्ण छाती भरून सुरू केलं. तीन सूर उतरले, चौथा वर निघाला आणि थांबला. फडक्याशिवाय तो सूर किती रुंद आहे हे त्यांना स्वतःलाच त्या दिवशी कळलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

पहिल्यांदा एक रिक्षावाला थांबला आणि त्यानं इंजिन बंद केलं. मग एका म्हाताऱ्यानं टोपी काढून हातात घेतली. टॉवेलवाले आले. धोंडुबाई काठी टेकत आली आणि ठरल्याप्रमाणे विचारलं, "कोण गेलं गा?" कुणालाच उत्तर माहीत नव्हतं, त्यामुळं गर्दी आणखी वाढली. ऑफिसातून सयाजी धावत बाहेर आला. हात वर करून तो मास्तरांच्या समोर उभा राहिला. बँडमध्ये मालकाचा हात वर गेला की वाद्य बंद होतं, चौतीस वर्षं तसंच होत आलं होतं. मास्तरांनी त्याच्या हाताकडे बघितलं, त्याच्या डोळ्यांत बघितलं, आणि चाल पहिल्यापासून परत सुरू केली. हात हवेतच राहिला. हनुवटीवर रक्त उतरलं होतं, लांबून दिसत होतं. सयाजीनं ते बघितलं आणि हात हळूच खाली घेतला.

चाल संपली तेव्हा सयाजी म्हणाला की तू माझा सीझन घालवलास. मास्तरांनी तोंड पुसलं.

"कोट तुझा हुता, सया. फुंक माझी हाय."

शाळेनंतर पहिल्यांदाच त्यांनी त्याला सया म्हटलं होतं. धोंडुबाईला या मालक-नोकराच्या भानगडीत रस नव्हता. तिनं काठी आपटून परत विचारलं की कोण गेलं ते सांगा की कुणीतरी. तेव्हा गर्दीतून संघप्रिया पुढं झाली. बापाच्या हातातलं वाद्य तिनं आपल्या हातात घेतलं.

"कोण न्हाय गेलं, आज्जी. पप्पा शेव कराल्यात."

"शेव?" धोंडुबाई म्हणाली. "मग एवढं रडवं कशाला वाजवायचं?"

टॉवेलवाले पांगले. त्यातल्या दोघांना तर मास्तर जिवंत आहेत म्हणून जरा खट्टू झाल्यासारखं झालं होतं. बाप-लेक पायीच दवाखान्यात गेले आणि अकरा वाजता चारही दात निघाले. मास्तरांनी ते कागदात बांधून मागून घेतले. चौतीस वर्षं नोकरी केलेली माणसं, कचऱ्यात कशी टाकायची, असं त्यांनी बाईंना हातवारे करून समजावलं.

सयाजीचा सीझन काही बुडाला नाही. मास्तरांच्या जागी त्यानं सांगलीचा एक जण आणला. लाल कोट मात्र त्यानं त्याला दिला नाही, नवीन शिवला.

पावसाळा उलटला, हिरड्या भरल्या, कवळी आली. पहिल्या दिवशी क्लॅरोनेटमधून नुसता वारा आला. दुसऱ्या दिवशी बदकासारखा आवाज आला. आक्काताईनं कानात घालायला कापूस मागितला. मास्तर म्हणाले की मेलं तरी इथून पुढं सुरू होतं, असा नियम आहे, आणि रोज सकाळी अर्धा तास बदक ओरडत राहिलं. कवळी घसरायची, ती ते अंगठ्यानं जागेवर बसवायचे आणि पुन्हा फुंकायचे. खिडक्या सताड उघड्या, फडकं कधीच फेकून दिलेलं. सयाजी खालून रोज ऐकत होता. त्यानं हात वर केला नाही.

तेविसाव्या दिवशी पहिला सूर आला. मग दुसरा उतरला, तिसरा उतरला. चौथा थरथरत वर निघाला आणि जिथं थांबायला हवा तिथंच थांबला.

समोरचं दार करकरलं. धोंडुबाई काठी टेकत बाहेर आली आणि वर खिडकीकडे बघून तिनं विचारलं, "आता तरी कोण गेलं काय गा?"

मास्तरांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. कवळीतून शब्द जरा शिट्टी वाजवत निघाले, पण सगळ्या गल्लीला ऐकू गेले.

"अजून न्हाय, मावशी."

आणि त्यांनी परत पहिल्यापासून सुरू केलं.