लढाई लागली की गहू निवडायचे

माझ्या वत्सलाआत्यावर अन्याय झाला तो तिच्या दहाव्याच्या सकाळी, अकलोलीला तानसा नदीच्या काठी, पिंड मांडल्यानंतर. कावळा शिवेना. समोरच्या झाडावर चांगला जाडजूड बसला होता, मान तिरकी करून बघत होता, पण खाली काही येईना. मग आमच्या घरच्यांनी आत्याच्या राहिलेल्या इच्छा मोठ्यानं सांगायला घेतल्या. थोरले काका हात जोडून म्हणाले, "वत्सू, वज्रेश्वरीच्या देवीला तुझ्या नावानं साडी नेसवतो." कावळा ढिम्म. "सप्त्याला पंगत घालतो." ढिम्म. मी पुढं झाले. म्हटलं, "आत्या, तुझ्या त्या यानाच्या मालिकेचा शेवटचा भाग राहिलाय ना? तो मी चाचीबरोबर बसून बघीन." काका कानाशी खेकसले, "गप बस गो! लोकं हसतील. मेलेल्या बाईचा टीव्ही काढतेस?" गुरुजींनी मग दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला, आणि उरकलं. परतताना काका पाहुण्यांना सांगत होते, "देवभोळी बाई. टीव्हीच्या नादी कधी लागली न्हाय."

हे धडधडीत खोटं आहे, आणि आज पाच आठवडे झाले तरी ते आमच्या घरात खरं म्हणून चाललंय.

खरं सांगते. आत्या तरुणपणीच विधवा होऊन राहनाळला माहेरी आली आणि घरामागच्या एका खोलीत शेवटपर्यंत राहिली. खोलीला लागून आमची चाळ. तिथं कापडाच्या लूमवर काम करणाऱ्यांची बिऱ्हाडं, त्यातलीच चाची, उत्तर प्रदेशातून नवऱ्यामागं आलेली. केबल आली तेव्हा या दोघींना एक परदेशी मालिका सापडली, हिंदीत डब केलेली. एक अंतराळयान, त्याचा कप्तान, रोज नवा ग्रह. आमच्याकडं तिला नुसतं 'यान' म्हणत. मी जन्मायच्या आधीपासून ते यान उडतंय. किती कप्तान आले नि गेले, मधेच पिक्चर निघाले, पुन्हा मालिका... आणि या दोघी परात मधे घेऊन गहू निवडत बघतायत. माझं बालपण त्या परातीच्या कडेला गेलं. आत्याचा नियम पक्का होता. पडद्यावर लढाई लागली, ठिणग्या उडाल्या, की मान खाली, गहू निवडायचे. माणसं बोलायला लागली की हात थांबवायचा आणि बघायचं. "लढाईत काय बघायचं? कप्तान मरणार हाय का? न्हाय ना? मग खडे काढ." मी वैतागायचे. मला लढाईच आवडायची.

मतं मात्र तिची ठाम. यानावर केर काढताना कुणी दिसत नाही, यावरून दिग्दर्शकाला ती कायम झापायची. लेसर-बिसर तिला किरकोळ वाटे. बटण दाबलं की भिंतीतून भरलेलं ताट येतं, हा तिच्या मते त्या मालिकेतला एकच खरा शोध. नवा कप्तान आला तेव्हा मी रुसून बसले होते. आत्या म्हणाली, "माणूस बदलला तर चालतो गो. सवय बदलली तर न्हाय चालत." सवय म्हणजे काय, तर कप्तान कुणीही असो, तो कुठल्याही ग्रहावर उतरायच्या आधी खालच्या लोकांना विचारायचा: आम्ही येऊ का? नाही म्हटलं की यान वळवायचा. आत्याच्या लेखी अख्खी मालिका या एका प्रश्नावर उभी होती. आजूबाजूची शेतं जाऊन गोदामं उठत होती त्या दिवसांत एक जण टेप घेऊन सरळ आमच्या अंगणात शिरला, जागा मापायला लागला. आत्या परात घेऊनच बाहेर आली. "उतरायच्या आधी विचारायची रीत हाय का न्हाय तुमच्यात?" तो बिचारा वर आभाळाकडं बघायला लागला! पण गेला. पुढं मी पाण्यासाठी, खड्ड्यांसाठी पत्रकं लिहायला लागले, त्यातलं पहिलं पत्रक 'आम्हाला कुणी विचारलं?' असं सुरू होतं. ते वाक्य कुठून आलं हे मला आता कळतंय.

नवा मोठा पिक्चर आला तेव्हा मी हट्टानं तिला कल्याणला थिएटरात नेलं. यान ग्रहावर थेट उतरलं, गोळ्या झाडतच. शेवटपर्यंत तेच. बाहेर आल्यावर विचारलं, "कसा वाटला?" तर म्हणाली, "परात आणायला पायजे होती. वर्षाचे गहू झाले असते निवडून." मी तेव्हा चिडले, जुनाट म्हणाले तिला. ती हसली आणि रिक्षात बसेपर्यंत हसतच होती...

गेल्या वर्षी शेवटचा सीझन आला. मी मोबाइलवरून तिच्या टीव्हीवर लावून दिला. एकच भाग उरला तेव्हा आत्यानं रिमोट खाली ठेवला. "राहू दे. बघितला की संपलं." चाचीनं कपाळावर हात मारला, "अरे दीदी, हम बुड्ढे हो गए, और कितना बचाओगी?" तो भाग तसाच राहिला. एका दुपारी आत्या जेवून आडवी झाली ती उठलीच नाही.

दर्भाच्या कावळ्यावर माझा राग नाही. तोही नट बदलण्यातलाच प्रकार, आत्यानं चालवून घेतला असता. राग याचा आहे की घरच्यांनी आत्यालाच बदललं. नाव तिचं ठेवलं आणि सवयी दुसऱ्याच कुणा बाईच्या लावल्या.

परवा तिच्या खोलीत गेले. परात खिडकीत होती, अर्धे गहू निवडलेले, अर्धे तसेच. चाचीला हाक मारली आणि राहिलेला भाग लावला. सुरुवातीलाच तुंबळ लढाई. मी डोळे फाडून बघतेय, तर चाचीनं परात माझ्याकडं सरकवली. "देख क्या रही है बिटिया? अभी तो लड़ाई है। बीन।" दोघी निवडत बसलो. मग गोळीबार थांबला. म्हातारा झालेला कप्तान एका अनोळखी ग्रहाच्या वर थांबला आणि त्यानं विचारलं, आम्ही येऊ का? चाचीचा हात परातीत थांबला. माझाही.

तर आता मागणी. तुमच्या घरात अशी एक बाई आहेच, जिची आवड तुम्ही 'नाद' म्हणून सोडून दिलीय. आज तिच्या खोलीच्या दारात उभे राहा आणि विचारा: मी येऊ का? ती जे बघत असेल ते तिच्या शेजारी बसून अख्खं बघा, मधे मोबाइल काढू नका. ती काय म्हणते ते ध्यानात ठेवा. आणि उद्या घाटावर उभं राहायची वेळ आली, तर तिला जे खरंच आवडत होतं तेच मोठ्यानं बोला. लोकं हसू देत.