बोरीच्या रांगेतला शेतकरी दिन

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने आयुष्यात एकही दिवस नुसता दिवस म्हणून जाऊ दिला नाही. आपण सोमवार म्हणतो, मंगळवार म्हणतो आणि कामाला लागतो. भाऊजी उठायचे ते कुठल्या तरी दिनालाच. एका तारखेवर एकच दिन असता तर बहिणीने सोसलंही असतं. पण वर्षात तारखा मोजक्या आणि जगाला साजरं करायला कारणं अगणित, त्यामुळे एकेका तारखेवर चार-पाच पाहुणे दाटीवाटीने बसलेले असत: एखादी लढाई, एखादा शोध, एखाद्या भाजीचा सण आणि एखाद्या रोगाविरुद्धची जागृती. भाऊजी कुणालाच उपाशी परत पाठवत नसत.

यासाठी त्यांनी एक जाडजूड वही केली होती, तारखेला एक पान. वर्तमानपत्रातल्या दिनविशेषाच्या चौकटी, कॅलेंडरची मागची बाजू, सकाळचा रेडिओ, चिवड्याच्या पुडीचा कागद, कुठूनही माहिती मिळो, ती योग्य पानावर जायची. मी स्वतः याद्या करणारी बाई. किराण्याची यादी, आहेराची यादी, कुठल्या डब्यात काय याची यादी. त्यामुळे त्या वहीची शिस्त मला मनापासून आवडायची. फक्त एकोणतीस फेब्रुवारीच्या पानावर शिस्त मोडली होती. "बिचारं चार-चार वर्षं वाट पाह्यते," म्हणून भाऊजींनी शेजारच्या पानांवरच्या दोन घटना तिकडे सरकवून दिल्या होत्या. मी म्हटलं, "भाऊजी, इतिहास असा सरकवता येतो का?" ते म्हणाले, "एका दिवसानं कोनाचं काय बिघडते, शोभा?"

साजरं करणं म्हणजे नुसतं वाचून दाखवणं नव्हे. डावखुऱ्यांच्या दिवशी त्यांनी बँकेत डाव्या हाताने सही केली. कारकुनाने चिठ्ठी परत सरकवली, तर म्हणाले, "सही माहीच हाय, साहेब. हात फक्त आज दुसरा हाय." हात धुण्याच्या दिवशी एका बारशाच्या पंगतीत ते साबणाची वडी घेऊन पानापानापुढे फिरले, आणि यजमानांना वाटलं, हे नवीन काहीतरी वाण आहे. पण कहर झाला तो जागतिक शौचालय दिनी. अंगणातल्या संडासाच्या दाराला त्यांनी झेंडूचा हार घातला आणि कामावर निघून गेले. दुपारी शेजारच्या आजी चप्पल बाहेर काढून, हात जोडून त्या दारापुढे उभ्या राहिल्या. बहिणीने त्या दिवशी मला फोन करून एवढंच विचारलं, "तुह्या यादीत नवरा बदलून मिळायची काही सोय लिहिलेली हाय का वं?"

कामावर म्हणजे बोरी अरबला, जिनिंगच्या आवारातल्या कापूस खरेदी केंद्रावर. भाऊजी तिथे फाटकावर गाड्यांना नंबराच्या चिठ्ठ्या द्यायचे. ती कापसाची वाईट वर्षं होती. भाव पडलेले, बैलगाड्यांची रांग फाटकाबाहेर रस्त्यावर, आणि माणसं चार-चार दिवस आपल्याच गाडीखाली मुक्कामाला. पेपर आला की कुणीतरी मोठ्याने वाचायचं आणि रांग आणखी गप्प व्हायची. म्हणून भाऊजींनी ठरवलं की पेपराच्या आधी आपण बोलायचं. रोज सकाळी ते फाटकाजवळच्या दगडावर चढून आजचे सगळे दिन सांगायचे. लोक हसायचे, टिंगल करायचे, पण ऐकायचे.

डिसेंबर संपत आला होता. मी बहिणीकडे आले होते आणि त्या सकाळी भाऊजींचा विसरलेला डबा घेऊन केंद्रावर गेले. आभाळ भरून आलं होतं. भाऊजी दगडावर उभे होते. "आज," त्यांनी आवाज लावला, "शेतकरी दिन हाय!"

झालं. वाक्य संपायच्या आत रांगेत गलका उठला. सरकारी जागी दिन म्हणजे सुट्टी, आणि सुट्टी म्हणजे वजनाचा काटा बंद, हे त्या लोकांना पाठ होतं. "वा रे वा! शेतकऱ्याचा दिवस अन् शेतकऱ्याचाच काटा बंद!" "काहून रोकून ठेवलं मंग आमाले?" कुणी बैल जुंपायला उठलं, कुणी भाऊजींच्या दगडाकडे निघालं. भाऊजी दोन्ही हात हलवत ओरडत होते, "काटा चालू हाय! अरे बाप्पा, चालू हाय! अजून आयका तरी! आजच्याच दिवशी ट्रांझिस्टर जन्माले आला! मेक्सिकोत मुळ्याचा सन हाय! अमेरिकेत लोक आज तक्रारी सांगाचा सन करून राह्यले!"

सगळे थंड झाले तेव्हा लक्षात आलं की त्रेचाळीस नंबरची जागा रिकामी आहे. देवरावची गाडी. त्याची मुलगी पहिल्या बाळंतपणाला घरी आली होती, दिवस भरलेले होते, आणि हा चार दिवस इथे अडकून पडला होता. काटा बंद ऐकलं, पावसाआधी कापूस छपराखाली नेऊ आणि पोरीजवळ बसू म्हणून तो निघूनही गेला होता. पुकारा झाला तेव्हा गाडी जागेवर नसली तर नंबर बाद, पुन्हा शेवटून सुरुवात. काट्यावर एकेचाळीस चालू होता.

भाऊजींचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. "शोभा, त्याची जागा पाह्य," म्हणाले आणि सायकलवर टांग मारून गेले.

मी डबा ठेवला आणि त्रेचाळीसच्या जागेवर उभी राहिले. मागच्या गाडीवरचे गुलाबभाऊ म्हणाले, "बाई, तुमी काय कापूस हाय का?"

"नाही."

"मंग सरका. नेम म्हंजे नेम."

बेचाळीस काट्यावर चढला. मी पर्समधून माझी याद्यांची वही काढली. "गुलाबभाऊ, आज तक्रारीचा सण आहे म्हणतात. तुमची काही आहे का? मी लिहून घेते. एकेक करून."

गुलाबभाऊंनी मिशीवरून हात फिरवला. "लिवा. भाव. मोठ्या अक्षरात लिवा."

मग त्यांना म्हैस आठवली, ती त्यांच्याशिवाय कुणाला दूध देत नव्हती. मागचा म्हणाला, सून चहात साखर टाकत नाही. एकाची अळीबद्दल तक्रार, एकाची बियाणं विकणाऱ्याबद्दल, एकाची देवाबद्दल. मी क्रमांक घालत होते. थोड्या वेळाने काट्यावरचे हमालही आले. "आमचं कोन लिवते?" असं म्हणत ते रांगेत उभे राहिले आणि काटा आपोआप थांबला. सर्वांत शेवटी मोजणारा कारकून आला, इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "माह्या खुर्चीचा एक पाय तुटेल हाय, बाई."

पाचवं पान भरत आलं तेव्हा गाडी दिसली. देवराव हाकत होता, आणि कापसाच्या ढिगावर भाऊजी बसले होते, शेजारी पंक्चर झालेली सायकल आडवी. घामाने शर्ट अंगाला चिकटला होता. गुलाबभाऊंनी गाडी दिसताच आपले बैल स्वतःहून दोन पावलं मागे घेतले. "या, भाऊ," ते भाऊजींना म्हणाले, "मुळे आनले का?"

देवरावचा कापूस मोजून झाला आणि मग शिंतोडे आले. रिकामी गाडी फाटकातून बाहेर काढताना तो भाऊजींपाशी थांबला. रागावलेला नव्हता. घाईत होता, तरी थांबला.

"उद्या काय हाय, भाऊ?"

उद्याचं पान मी सकाळीच चाळलं होतं. त्यावर ग्राहक दिन होता, एक तह होता, आणखीही दोन-तीन गोष्टी बारीक अक्षरात होत्या.

भाऊजी बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. "उद्या काई नाई," ते म्हणाले. "उद्या नुसता मंगळवार."

देवरावने कासरा सैल सोडला. "बरं हाय," तो म्हणाला. "असाई एखांदा पाह्यजे."